सात भोकांची कुंडी

झाड जगवणं हे माणसाच्या हातून घडणारं सर्वांत मोठं पुण्य आहे, असं सोमाजी रामटेके एटापल्लीच्या ज्या सरकारी रोपवाटिकेत एकतीस वर्षं पाणी घालत होता तिच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं आहे. ते लिहिताना पेंटरची शिडी नीट लागत नव्हती, म्हणून भिंतीजवळचा कडुनिंब तोडावा लागला. दोर धरायला सोमाजीच होता.

तेव्हापासून झाडांविषयी कोणी गंभीरपणे बोलू लागलं की सोमाजीला आधी शिडी दिसायची. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, पंधरा एप्रिलच्या सकाळी, त्याची मुलगी संघप्रिया ओसरीत अशीच गंभीर होऊन बसली होती. शेजारच्या बाजेवर तिची बॅग भरून तयार होती. तिने खोक्यातून एक पांढरी प्लॅस्टिकची कुंडी काढून बापाच्या पुढ्यात ठेवली.

“बाबा, हे मरू नाई द्यायचं.”

कुंडीत वीतभर झाड होतं. चिंचोक्याएवढी पानं, पण पाणी पिऊन टम्म फुगल्यासारखी. सोमाजीने एक पान दोन बोटांत धरून दाबून पाहिलं.

“काय हाय हे?”

“जेड. पानांतच पाणी साठवून ठेवते. वीस दिवसांतून एकदा पाणी. तेही अर्धा कप. जास्त पाण्यानं मरते.”

सोमाजी हसला. साग, बांबू, आवळा, करंज अशी हिशेबाने अकरा लाख रोपं त्याच्या झारीखालून गेली होती. त्यांतली पुढे किती जगली ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या हातात असेपर्यंत एकाचीही मान पडली नव्हती. त्याला अर्धा कप शिकवला जात होता.

“हसू नका,” संघप्रिया म्हणाली. ती पुण्याच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची, त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा निकाल कागदावर आला की तिला बरं वाटायचं. “आई गेली त्याले तीन महिने झाले. तुम्ही दोन मिनिटं एका जागी बसत नाई. चार दिवसांपासून पाहून राह्यली मी. जेवता जेवता उठता, आंगणात जाता, परत येता. इथी एकटे कसे राह्यणार?”

“राह्यतो ना. काय झालं मले?”

“माह्यासंग पुण्याले चला म्हटलं तं ते नाई.”

पुण्याला सोमाजी एकदा जाऊन आला होता. चौथा मजला. चार दिवसांत त्याने करण्यासारखी एकच गोष्ट पाहिली. गॅलरीतून खाली सोसायटीचा माळी दिसायचा, पाइप धरून भर दुपारी बारा वाजता पाणी घालणारा, आणि तेही पानांवर. खोडाला थेंब नाही. सोमाजी चार दिवस वरून ओरडत राहिला. माळ्याला त्याची झाडीबोली समजत नव्हती.

“तं मंग असं करू,” संघप्रिया म्हणाली. “सहा महिने. मी ऑक्टोबरात चंद्रपूरले येतोच दीक्षाभूमीले. तोवर हे झाड जगलं तं तुम्ही इथी, मी तोंड उघडणार नाई. मेलं तं पेटी भरायची न माह्यासंग यायचं. दर रविवारी फोटो पाठवायचा. मंजूर?”

कुंपणापलीकडे मंगली शेळीला पळसाचा पाला घालत होती. ती सोमाजीची शेजारीण, माडिया गोंड, वयाने त्याच्याएवढीच, आणि आसपासच्या आठ घरांत काय बोललं जातं ते सोळा घरांत पोचवणारी. तिने पाला घालणं थांबवलं. साक्षीदार आहे म्हटल्यावर सोमाजीला चेव आला.

“अवं माय, सरकारनं मले एकतीस वर्षांत इथून हलवलं नाई. हे वीतभराचं काय हलवते?”

मुलगी सहाच्या बसने गेली. सोमाजीने घरी येऊन जी पहिली गोष्ट केली ती विचार न करता, हाताच्या सवयीने केली. त्याने कुंडी उलटी करून तळ पाहिला. तळाला भोक नव्हतं.

हे त्याला फारच लागलं. रोपवाटिकेत पिशवीला भोकं पाडल्याशिवाय माती भरत नाहीत. ते पहिल्या दिवशी शिकवतात, आणि ज्याला तेवढं येत नाही त्याला दुसऱ्या दिवशी खड्डे खणायला पाठवतात. पुण्यात एवढ्या शिकलेल्या लोकांमधून कुणाला हे सुचू नये? त्याने चुलीत सळई तापवून तळाला सात भोकं पाडली. आतली काळी चिकट माती फेकून दिली, नाल्यातली जाडी रेती आणली, तिच्यात चुलीतला कोळसा चुरून टाकला, खाली छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे रचले, आणि झाड बसवलं. मग हात धुतले आणि कॅलेंडरवर पाच मेला खूण केली.

काम संपलं. घड्याळात पावणेनऊ झाले होते. पाच मेपर्यंत आता काही करायचं नव्हतं.

सोमाजीचा उजवा हात पहाटे पाचला उठायचा. बाकीचा सोमाजी त्याच्या मागून उठायचा. हात आधी खुंटीवरच्या झारीकडे जायचा. बायको बायनाबाई होती तेव्हा निदान आंगणात एक जास्वंद, दोन वांगी आणि एक तक्रार असायची. ती सगळी आता वाळली होती. राहिली होती एक कुंडी, आणि तिला पाणी घालायला बंदी होती. एप्रिलमध्ये उन्हाने कवेलू तडकायला लागले, कुत्री नालीत जाऊन झोपली, आणि ते झाड ओसरीवर हिरवंगार बसून सोमाजीकडे बघत राहिलं.

बाराव्या दिवशी त्याने इकडेतिकडे बघून चमचाभर पाणी घातलं.

“चोरून काऊन देऊन राह्यला?” कुंपणावरून मंगली म्हणाली.

“चोरून नाई. माप पाहून राह्यलो होतो.”

मंगली आत आली. तिने झाडाकडे वाकून पाहिलं, एक पान तोडलं, चावलं आणि थुंकलं. “घोळीच्या भाजीची बहीण दिसते. पर चव नाई. दाळीत टाकशीन तं दाळ बी वाया जाईन.”

“खायचं नाई ते!”

“खायचं नाई, फूल नाई, सावली नाई, पानी बी नाई पित.” मंगलीने हिशेब केला. “मंग हाय कायले?”

 हाच प्रश्न निवृत्त झाल्यापासून सोमाजी दुसऱ्याच एका बाबतीत स्वतःला विचारत होता.

मग त्याने उपाय काढला. घरात राहिलो तर हात पाणी घालणार, म्हणून घरात राहायचं नाही. तो पहाटेच निघायचा. रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत जायचा. आत पहाटेच्या पाळीचे नवीन मजूर पाणी घालत असायचे, चुकीचं, आणि त्यांना तसं सांगितल्यावर ते म्हणायचे, “हौ काका, तुमी घरी जा, आराम करा.” तिथून तो अजून न उघडलेल्या बाजारातून बसस्टँडवर. स्टँडवर रात्री मुक्कामी असलेली चंद्रपूरची गाडी सकाळी सहाला सुटायची, आणि तिचा कंडक्टर धनराज गाडी सुटेपर्यंत दारात उभा राहून ब्रश करायचा.

“कुठी, सोमाभाऊ?”

“कुठी नाई.”

“मंग रोज येतं कायले? चढ ना गाडीत. चंद्रपूरपर्यंत फिरवून आनतो.”

“माह्या घरी झाड हाय.”

“झाडाले काय तू झोपवतं का?”

गाडीतले सगळे हसायचे. गाडी सुटायची. सोमाजी धूर खाली बसेपर्यंत तिथेच उभा राहायचा आणि मग जाण्यासारखं काही नसलेल्या ठिकाणी लगबगीने जायला निघायचा.

मे गेला. झाड जगलं. दर रविवारी तो फोटो पाठवायचा आणि दर रविवारी संघप्रियाचा फोन यायचा.

“झाड कसं हाय?”

“मस्त.”

“तुम्ही?”

“मस्त.”

दोघांची तब्येत एकाच शब्दात आटपायची.

जुलैत पाऊस असा लागला की नाले रस्त्यावर आले आणि रस्ते नाल्यात गेले. गाड्या बंद. चार दिवस वीज नाही, फोनला टॉवर नाही. पाचव्या दिवशी सोमाजीला थंडी वाजून आली. त्याने घोंगडं घेतलं, मग बायनाबाईचं लुगडं त्याच्यावर घेतलं, मग तिची दुसरी दोन लुगडी. अंगात ताप असा भरला की कवेलू मोजता मोजता ते रोपांच्या पिशव्या झाले, आणि सगळ्या पिशव्यांना भोकं पाडायची राहिली होती. तो किती वेळ पडून होता ते त्याला कळलं नाही. जाग आली तेव्हा मंगली त्याच्या तोंडाशी पेजेचा वाडगा धरून बसली होती, आणि आरोग्य खात्याची आशाबाई बोटाला सुई टोचून गेली होती.

“मलेरिया हाय म्हनते,” मंगली म्हणाली. “गोया दिल्या. खा.”

“किती दिवस झाले?”

“दोन. शेरी तुह्या ओसरीत घुसली, तू वरडला नाई. म्हून पाह्याले आली.” शेळीला ती शेरी म्हणायची. “शेरी नसती घुसली तं मी परवा आली असती. त्याच्या नंतर तं वास आला असता.”

तिने हे चांगल्या भावनेनेच सांगितलं. वाडगा पुसला आणि गेली.

सोमाजी पडल्या पडल्या ओसरीतल्या कुंडीकडे पाहत राहिला. दोन दिवसांत तिला कोणी पाहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि तिचं एक पानसुद्धा हललं नव्हतं. आपण तसे नाही, हे सोमाजीला त्या दिवशी समजलं. रोपवाटिकेतल्या रोपांसारखं आपल्याला दोन वेळा लागतं, सकाळी आणि संध्याकाळी.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी टॉवर आला आणि संघप्रियाचा फोनही आला.

“बाबा, झाड कसं हाय?”

इथेच बोलायचं होतं. माय, मले घेऊन जा, एवढे चार शब्द होते. पण कुंपणापलीकडे मंगली उभी होती, धनराजच्या सगळ्या गाडीला पैज माहीत होती, आणि सरकारला जे जमलं नाही ते वीतभराच्या झाडाला जमणार नाही, असं तो स्वतःच्या तोंडाने सांगून बसला होता.

“मस्त,” सोमाजी म्हणाला.

फोन ठेवून तो बराच वेळ आंगणात येरझारा घालत होता. मग त्याला सरळ मार्ग दिसला. पैज हरायची. हरलेल्या माणसाला काही मागावं लागत नाही, त्याला नेतात.

झाड उपटून टाकणं त्याच्या मनात आलं आणि लगेच गेलं. ती लबाडी झाली असती. शिवाय त्याच्या हातांनी आजवर काही उपटलं नव्हतं; त्यांनी नकार दिला असता. पण पाणी घालण्यात लबाडी कसली? पाणी घालणं हा तर त्याचा धंदा. मुलगीच म्हणाली होती, जास्त पाण्याने मरतं.

त्याने खुंटीवरची झारी काढली. तिला गंज चढला होता. वाळू लावून घासली, भरली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर पाणी घातलं. हाताला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या हातालाही वाटलं. सकाळी एक झारी, संध्याकाळी एक झारी, रोपवाटिकेच्या नियमाप्रमाणे. त्या रात्री तो सलग झोपला.

पेटीही काढली. दोन सदरे, एक धोतर, टॉवेल. भिंतीवरचा बायनाबाईचा फोटो काढून कपड्यांच्या मध्ये ठेवला. सगळ्यांत वर झारीची जुनी चाळणी कागदात गुंडाळून ठेवली, सोसायटीच्या माळ्याला दाखवायला. बोली समजत नसली तरी चाळणी समजली असती. पेटी बाजेखाली सरकवली आणि तो झाड मरायची वाट पाहू लागला.

पंधरा दिवस झाले. झाडाने मधूनच चार पानं टाकली. सोमाजीच्या जीवात जीव आला. तिसऱ्या आठवड्यात त्या चारही पानांना मुळं फुटून ती रेतीत उभी राहिली.

त्याने कुंडी ओसरीतून काढून पन्हळीखाली पावसात ठेवली. झाडाला नवीन फांदी आली. बाजेखालच्या अंधारात ठेवली, आठ दिवस. ती फांदी दाराच्या दिशेने लांब झाली. शेवटी मंगलीची शेळी मुद्दाम आत घेतली आणि कुंडी तिच्यासमोर धरली. एटापल्लीत त्या शेळीने न खाल्लेली वस्तू म्हणजे पोलीस ठाण्याची भिंत. तिने झाड हुंगलं, सोमाजीकडे पाहिलं आणि ती त्याच्या धोतराचा सोगा खाऊ लागली.

“काय करून राह्यला, भाऊ?” मंगलीने विचारलं.

“काई नाई. शेरीले दाखवून राह्यलो.”

 मंगलीने बाजेखालच्या पेटीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे. “सांग ना पोरीले,” ती म्हणाली. “तोंड हाय ना तुले.”

“काय सांगू?”

“मले काय मालूम? माहा पोरगा तं मले इचारत बी नाई.” ती शेळीला ओढत घेऊन गेली.

झारीने पाणी घालताना कुंडीच्या खालून पाणी झर्रकन निघून जायचं आणि ओसरी ओली व्हायची. ती रोज पुसताना सोमाजीच्या मनात एकदाही आलं नाही की हे पाणी कुठून येतं. एकतीस वर्षं तो पाणी खाली जाताना पाहत आला होता. पाणी खाली जातं म्हणजे सगळं ठीक चाललं आहे, एवढंच त्याला माहीत होतं.

सतरा ऑक्टोबरला संघप्रिया आली. चंद्रपूरच्या गर्दीत दोन दिवस काढून तिचा आवाज बसला होता, हातात नवीन पंचशील झेंडा होता. ओसरीत पाय ठेवताच ती थांबली.

झाड दुप्पट झालं होतं. कडेने सहा पिल्लं उभी होती. पानं अशी चकाकत होती की आत्ताच कोणी तेल लावून बसवलं असावं.

“बाबा!” तिने बसल्या आवाजात किंकाळी फोडली. “जिंकले ना तुम्ही!”

“हौ,” सोमाजी म्हणाला.

“फोटोत एवढं नाई दिसे. काय केलं एवढं?”

“काई नाई. तू सांगतलं तेच.”

ती बाजेवर बसली. खाली सोडलेल्या पायांची टाच पेटीला लागली, पण तिने खाली पाहिलं नाही. तिने ओढणीने तोंड पुसलं, आणि मग डोळेही पुसले, हसत हसत.

“मले लय टेन्शन होतं, बाबा. आता सांगतो. तो फ्लॅट मी जुलैतच सोडला. ज्या मैत्रिणीच्या नावावर होता तिचं लग्न झालं. आता आम्ही तिघी जणी एका रूममध्ये राह्यतो. एक पलंग न दोन गाद्या. दर रविवारी फोटो पाहायच्या आधी मी डोळे मिटून घेये. झाड मेलं असतं तं तुम्हाले नेलं कुठी असतं मी?”

कुंपणापलीकडे शेळी ओरडली. मंगली नेमकी त्या वेळी तिथे उभी नव्हती, किंवा उभी असून दिसत नव्हती.

“मरते कसं?” सोमाजी म्हणाला. “माह्या हातचं हाय.”

“तेच म्हटलं मी रूमवर. माह्या बाबाच्या हातचं मरत नाई.” तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. “आईचा फोटो कुठी गेला?”

“पुसाले काढला.”

“मंग लावा ना.”

“लावतो.”

ती आंघोळीला गेली तेव्हा त्याने पेटी ओढली, फोटो काढला, धोतराने पुसला आणि खिळ्यावर लावला. थोडा वाकडा लागला. त्याने सरळ केला, मागे सरून पाहिला, पुन्हा सरळ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना संघप्रिया ओसरीत घुटमळली. बॅग खांद्यावर होती तरी पाय उचलत नव्हता.

“बाबा, हे मी घेऊन जाऊ? रूमले एक खिडकी हाय. तिथी आपलं म्हणाले काईच नाई.”

सोमाजीने कुंडी उचलली. खाली अजून पाणी ठिबकत होतं. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली, वर पिशवी बांधली, आणि पिल्लांच्या बाजूने हवा जायला जागा ठेवली.

“पाणी कमी घालजो,” तो म्हणाला.

स्टँडवर गाडी उभी होती. धनराज ब्रश करत होता. त्याने आधी संघप्रियाला पाहिलं, मग तिच्या हातातली पिशवी, मग तिच्या मागून बॅग घेऊन येणारा सोमाजी. ब्रश तोंडातून काढला.

“आज तं चढतं वाटते, सोमाभाऊ?”

“नाई. हिले सोडाले आलो.”

संघप्रिया खिडकीशी बसली आणि तिने पिशवी मांडीवर घेतली. धनराज चूळ भरून आत आला, मशीन काढलं.

“किती?”

“एक. चंद्रपूर.”

धनराजने खिडकीतून खाली पाहिलं. सोमाजी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभा होता, उजवा. धनराजने दोनदा घंटी मारली.

कुंडीला तिकीट लागत नाही.